फलकावरचा आकडा आणि रविवारचं पाणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. शहरातल्या किनाऱ्यावर शुक्रवारी 'पाणी पोहण्यास योग्य' असा फलक लागला. शनिवारी रात्री जोराचा पाऊस झाला. रविवारी सकाळी सहा मुलं पोहायला गेली आणि सोमवार-मंगळवारी त्यांतल्या चौघांना उलट्या-जुलाब सुरू झाले. मग तपासणी खोटी होती का? आणि रहिवाशांनी स्वतः पाणी तपासायचं ठरवलं, तर ते जमण्यासारखं आहे का?

आधी मुलांबद्दल. जुलाबात खरा धोका अंगातलं पाणी कमी होण्याचा असतो. ओआरएस थोडं थोडं देत राहा. मूल सुस्त पडलं, लघवी फार कमी झाली, शौचात रक्त दिसलं किंवा ताप उतरेना, तर वाट न पाहता डॉक्टरकडे न्या. रविवारी समुद्रात पोहल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. नोरोव्हायरससारख्या विषाणूची लक्षणं साधारण १२ ते ४८ तासांत दिसतात, म्हणजे तुमच्या दिवसांचा हिशेब पाण्याशी जुळतो. पण त्या दिवशी मुलांनी एकत्र काही खाल्लं असेल, तर तोही संशय तितकाच खरा आहे. शौचाचा नमुना तपासल्याशिवाय कुणीही ठाम सांगू शकत नाही.

आता तपासणीबद्दल. ती खोटी असेलच असं नाही. मी पंचवीसेक वर्षं किनाऱ्यांवरून नमुने आणून प्रयोगशाळेत मोजते आहे. माझा अंदाज असा, की शुक्रवारचा फलक गुरुवारी सकाळी घेतलेल्या नमुन्यावर लागला असणार. त्या सकाळी, त्या जागी, त्या भरतीला पाणी खरोखर ठीक असेलही. मुलं मात्र गुरुवारच्या पाण्यात नाही, शनिवारच्या पावसाने नाल्यातून समुद्रात आणलेल्या पाण्यात पोहली. हे अंतर नीट कळलं, की किनाऱ्याची तपासणी म्हणजे काय हे बरंचसं कळतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही रोगजंतू मोजत नाही, ही पहिली गोष्ट. मैलापाण्यात साल्मोनेला, शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर, नोरोव्हायरस, ॲडेनोव्हायरस, जिआर्डिया असं काहीही असू शकतं. शहरात त्या आठवड्यात कोण आजारी आहे, यावर ते बदलतं. प्रत्येकाची तपासणी वेगळी, खर्चीक आणि वेळखाऊ असते. म्हणून आम्ही निर्देशक जिवाणू मोजतो. माणसांच्या आणि इतर उष्णरक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात हे नेहमीच मोठ्या संख्येने असतात आणि सहसा स्वतः आजार करत नाहीत. ते सापडले, की विष्ठा पाण्यात पोचली आहे असं समजायचं. ई. कोलाय हा त्यातला सर्वांत ओळखीचा; थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने १८८५ मध्ये त्याचं वर्णन केलं. समुद्रात मात्र ई. कोलाय खाऱ्या पाण्याने आणि उन्हाने लवकर मरतो. एन्टेरोकोकाय हे आतड्यातलेच दुसरे निर्देशक जिवाणू त्याच्यापेक्षा चिवट असतात. म्हणून खाऱ्या पाण्यासाठी त्यांच्यावर भर असतो.

ही निवड अंदाजाने झालेली नाही. १९७० च्या दशकात व्हिक्टर कॅबेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कसह काही ठिकाणच्या किनाऱ्यांवर पोहणाऱ्यांना नंतर गाठून त्यांच्या तब्येतीची चौकशी केली आणि त्या दिवशीच्या पाण्यातल्या जिवाणूंशी ताडून पाहिली. पोटाच्या आजाराशी सर्वांत चांगला मेळ एन्टेरोकोकायचा बसला. पुढे १९८९ ते १९९२ या वर्षांत ब्रिटनमधल्या चार किनाऱ्यांवर याहून धाडसी अभ्यास झाला. बाराशेच्या आसपास प्रौढ स्वयंसेवकांची चिठ्ठ्या टाकाव्या तशी विभागणी केली. एका गटाने पाण्यात किमान दहा मिनिटं राहून तीन वेळा डोकं बुडवायचं, दुसऱ्याने काठावरच बसायचं. डेव्हिड के आणि जे फ्लायशर यांच्या या कामातून दिसलं, की छातीएवढ्या पाण्यात घेतलेल्या नमुन्यातले विष्ठाजन्य स्ट्रेप्टोकोकाय, म्हणजे बहुतांशी आपले एन्टेरोकोकायच, १०० मिलिलिटरमध्ये तिशीच्या वर गेले की पोटाच्या आजाराचं प्रमाण वाढायला लागतं. जागतिक आरोग्य संघटनेची आजची वर्गवारी मुख्यतः याच कामावर उभी आहे.

'छातीएवढ्या पाण्यात' हे शब्द मी मुद्दाम लिहिले. नमुना कुठे घेतला, यावर आकडा किती हलतो हे बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही. घोट्याएवढ्या पाण्यात लाट वाळू ढवळते, वाळूला चिकटलेले जिवाणू सुटतात आणि आकडा फुगतो. पण लहान मुलं तिथेच खेळतात. युरोपच्या नियमात नमुना किमान एक मीटर खोल पाण्यात, पृष्ठभागाच्या ३० सेंटिमीटर खालून घ्यायचा असतो. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी गुडघ्याएवढ्या पाण्यात घेतात. दोन्हींना आपापलं कारण आहे. आज गुडघ्याएवढ्यात आणि पुढच्या वेळी कमरेएवढ्यात घेऊन ते आकडे एका आलेखावर मांडले, तर मात्र तो आलेख निरुपयोगी ठरतो.

नमुना घेणं हेच या कामातलं खरं कौशल्य आहे असं मी मानते. प्रयोगशाळेतली चूक बहुतेकदा पकडता येते. किनाऱ्यावरची चूक बाटलीबरोबर आत येते आणि तिथेच राहते. पाण्यात उतरल्यावर पायाने उडालेला गाळ वाहून जाईपर्यंत थांबायचं. तोंड लाटेकडे करायचं आणि बाटली आपल्या अंगापासून लांब, पाणी ज्या दिशेने येतं त्या बाजूला धरायची. निर्जंतुक बाटलीचं झाकण शेवटच्या क्षणी काढायचं, आतल्या बाजूला बोट लागू द्यायचं नाही, बाटली आधी विसळायची नाही. तोंड खाली करून बाटली बुडवायची, पाण्याखाली वळवायची आणि उचलायची. वर दोनेक सेंटिमीटर जागा मोकळी ठेवायची, म्हणजे प्रयोगशाळेत ती नीट हलवता येते. मग लगेच बर्फाच्या पेटीत. अमेरिकी पद्धतीत नमुना १० अंश सेल्सिअसच्या खाली ठेवून सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवतात. बाटली उन्हात गाडीच्या डिकीत राहिली, तर जिवाणू वाढतील की मरतील हेही सांगता येत नाही. तो नमुना टाकून द्यावा. आणि नमुना घेणाऱ्याच्या पायाला जखम असेल, तर त्याने पाण्यात उतरू नये. का, ते पुढे येईल.

वेळेचा मुद्दा याहून महत्त्वाचा. ऊन हा समुद्रातला सर्वांत मोठा जंतुनाशक आहे. स्वच्छ पाण्यात, टळटळीत उन्हात ई. कोलायचे दहांतले नऊ काही तासांत संपतात. अंधारात त्यालाच दिवस लागतात. म्हणून पहाटेचा आणि दुपारचा नमुना एकाच जागेचा असला तरी आकडे सख्ख्या भावांसारखे दिसत नाहीत. कॅलिफोर्नियात हंटिंग्टन बीचवर संशोधकांनी दर दहा मिनिटांनी नमुने घेतले होते. मर्यादा ओलांडणारे आकडे आले, पण त्यांतले बहुसंख्य तासाभराच्या आत ओसरले. आता विचार करा. तासाभरात येऊन जाणारी गोष्ट आठवड्यातून एकदा बाटली बुडवून पकडायची आणि तिचं उत्तर चोवीस तासांनी वाचायचं. काही वेळा फलकावर 'धोका' लागतो तेव्हा पाणी स्वच्छ झालेलं असतं आणि 'योग्य' लागतो तेव्हा ते बिघडलेलं असतं. यात कुणी लबाडी केलेली नसते, तरी माणसं आजारी पडतातच. म्हणून मला हे गप्प बसून पाहवत नाही.

भरतीचा घोळ मला स्वतःला उशिरा कळला. एका किनाऱ्यावर आम्ही दर दुसऱ्या सोमवारी सकाळी दहाला नमुना घ्यायचो आणि महिनोन्‌महिने आकडे उत्तम यायचे. पोहणाऱ्यांच्या तक्रारी मात्र थांबत नव्हत्या. शेवटी एका वयस्क मच्छीमाराने मला विचारलं, "बाई, तुम्ही भांगालाच का येता?" घरी जाऊन पंचांग काढलं. उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेजवळची मोठी भरती-ओहोटी, भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची लहान. त्यांचं चक्र पावणेपंधरा दिवसांचं, आमचं चौदा दिवसांचं. दोन्हींत इतका थोडा फरक, की आमचे नमुने सलग दोन-तीन महिने भांगाच्या आसपासच पडत होते. उधाणाला समुद्राचं पाणी नाल्याच्या तोंडातून आत शिरायचं आणि ओहोटीबरोबर आतलं साचलेलं सगळं बाहेर ओढून आणायचं. ते आम्ही पाहिलंच नव्हतं. शिवाय एका ठिकाणी उधाणाची भरती घड्याळात साधारण ठरलेल्या वेळेलाच येते. म्हणजे नेहमी सकाळी दहाला जाणारा माणूस उधाणाच्या दिवशी गेला तरी भरतीची एकच अवस्था पाहतो. तेव्हापासून मी नमुन्यांचं वेळापत्रक भरतीचा तक्ता समोर ठेवून आखते आणि अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन दिवस चुकवत नाही.

प्रयोगशाळेत काय होतं, ते थोडक्यात. एक पद्धत अशी, की ठरलेलं पाणी ०.४५ मायक्रॉन छिद्रांच्या पातळ पटलातून गाळायचं, ते पटल खास माध्यमावर ठेवून ४१ अंशांना चोवीस तास उबवायचं आणि उगवलेल्या वसाहती मोजायच्या. दुसरी, पाण्यात पोषकद्रव्य मिसळून ते अनेक खळगे असलेल्या तबकात भरायचं. ज्या खळग्यांत एन्टेरोकोकाय असतील ते उबवल्यावर अतिनील दिव्याखाली निळे चमकतात. किती खळगे चमकले त्यावरून तक्ता पाहून 'सर्वाधिक संभाव्य संख्या' काढतात, त्यालाच अहवालात एमपीएन लिहितात. समुद्राचं पाणी या दुसऱ्या पद्धतीत दहापट पातळ करावं लागतं, नाहीतर क्षार आणि समुद्रातले इतर जिवाणू निकाल बिघडवतात.

पातळ करण्याचा परिणाम अहवाल वाचणाऱ्याने ध्यानात ठेवायला हवा. समजा, १० मिलिलिटर पाणी गाळलं आणि चार वसाहती उगवल्या. अहवालात १०० मिलिलिटरला ४० असं येईल. पण चार ही मोजणी इतकी लहान आहे, की नुसत्या योगायोगानेच खरा आकडा साधारण ११ ते १०२ यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. तसंच एकही वसाहत आली नाही, तर त्याचा अर्थ शून्य नव्हे, 'दहापेक्षा कमी' असा होतो. म्हणून ३८ आला तर आनंद आणि ४२ आला तर हाहाकार, असं कुणी करू लागलं की मी थांबवते. ४० चा ४०० झाला, तर मात्र चप्पल घालून थेट नाल्याकडे निघायचं.

आता मर्यादा. जागतिक आरोग्य संघटना एका नमुन्यावर बोलत नाही. अनेक नमुन्यांतले शंभरातले ९५ ज्या आकड्याच्या खाली येतात, तो आकडा पाहते. एन्टेरोकोकायचा हा आकडा ४० पर्यंत असेल तर पोटाच्या आजाराची शक्यता पोहण्याच्या दर शंभर वेळांमागे एकाहून कमी, २०० पर्यंत एक ते पाच, ५०० पर्यंत पाच ते दहा आणि त्यापुढे दहाहून जास्त. युरोपच्या २००६ च्या निर्देशात समुद्रासाठी 'उत्कृष्ट' म्हणजे एन्टेरोकोकाय १०० आणि ई. कोलाय २५०, तेही सहसा चार हंगामांच्या नमुन्यांवरून. अमेरिकेच्या २०१२ च्या निकषांत एन्टेरोकोकायची भूमितीय सरासरी (बेरजेऐवजी गुणाकारावरून काढलेली सरासरी) ३५ आणि दहा टक्क्यांहून जास्त नमुने १३० च्या वर नकोत. राज्यांना याहून कडक ३० आणि ११० चा पर्यायही आहे. भारतात पोहण्यायोग्य सागरी पाण्याच्या एसडब्ल्यू-२ वर्गासाठी विष्ठाजन्य कोलिफॉर्म १०० मिलिलिटरमध्ये १०० असा मूळ निकष आहे. कोलिफॉर्म (ई. कोलाय ज्यात येतो तो गट) आणि एन्टेरोकोकाय हे वेगळे गट आहेत. एका देशाचा आकडा दुसऱ्याच्या मर्यादेला लावून 'आपलं पाणी तिथल्यापेक्षा इतकं पट घाण' असे मजकूर फिरतात. त्यांत बहुतेकदा हीच गल्लत असते.

भूमितीय सरासरीचंही एक उदाहरण देते, कारण तिच्याआड बरंच काही झाकलं जातं. पाच नमुने घ्या: १०, २०, १५, ३० आणि २०००. साधी सरासरी ४१५ येते, भूमितीय ४५. पहिली वाचून वाटतं किनारा कायमच घाण, दुसरी वाचून वाटतं थोडंसंच चुकतंय. खरं दोन्हींत नाही. खरं असं, की चार दिवस पाणी चांगलं होतं आणि एका दिवशी कुठूनतरी मैलापाणी आलं. त्या दिवशी काय झालं, हा खरा प्रश्न. म्हणून सरासरीबरोबर एकेका नमुन्याची नोंदही मागा.

तुमच्या बाबतीत ते 'काय झालं' मला जवळजवळ निश्चित वाटतं: पाऊस. शहरात पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्यांमध्ये चुकीच्या जोडण्यांमधून मैलापाणी शिरलेलं असतं. काही शहरांत तर दोन्हींची वाहिनी मुळातच एक असते आणि जोराच्या पावसात ती भरून थेट समुद्रात सांडते. रस्त्यांवरची घाण, कुत्र्यांची विष्ठा, गटारात साचलेला गाळ, सगळं पहिल्या लोंढ्याबरोबर येतं. कोरड्या दिवशी दोन आकड्यांत असलेला आकडा एका पावसात हजारांत जाताना मी कितीदा पाहिला आहे. कॅलिफोर्नियात म्हणूनच पावसानंतर तीन दिवस, म्हणजे ७२ तास, पाण्यात उतरू नका असा सल्ला देतात आणि तो सल्ला द्यायला कुणी बाटलीच्या निकालाची वाट पाहत नाही. जागेचंही तसंच. सांता मोनिका उपसागरात १९९५ मध्ये झालेल्या अभ्यासात, वाहत्या नाल्याच्या तोंडाशी पोहणारे हे ४०० यार्ड, म्हणजे साडेतीनशेहून जास्त मीटर लांब पोहणाऱ्यांपेक्षा जास्त प्रमाणात आजारी पडले होते. शुक्रवारच्या फलकावर 'पाऊस पडल्यास हा निकाल लागू नाही' एवढी एक ओळ असती, तर तुमची मुलं कदाचित रविवारी पाण्यात उतरली नसती.

चोवीस तासांचा उशीर कमी करायचे दोन मार्ग आहेत. एक, जिवाणू उगवण्याची वाट न पाहता त्यांचा डीएनए मोजणं. क्यूपीसीआर या डीएनए मोजण्याच्या पद्धतीने निकाल काही तासांत, त्याच दिवशी मिळतो; कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो काउंटीने २०२२ पासून किनाऱ्यांच्या तपासणीसाठी ड्रॉपलेट डिजिटल पीसीआर ही तशीच पद्धत वापरायला सुरुवात केली. यात मेलेल्या जिवाणूंचा डीएनएही मोजला जातो, म्हणून क्लोरीन दिलेलं सांडपाणी जिथे सोडतात तिथे आकडा जास्त दिसू शकतो. शिवाय नमुना त्याच सकाळी प्रयोगशाळेत पोचवणारी यंत्रणा नसेल, तर महागडं यंत्र घेऊनही काही साधत नाही. दुसरा मार्ग अंदाजाचा. गेल्या काही वर्षांचे जिवाणूंचे आकडे पाऊस, भरती, वारा, ऊन, लाटा आणि गढूळपणा यांच्याशी जुळवून आज काय असेल ते गणिताने सांगायचं. हाँगकाँग असा रोजचा अंदाज जाहीर करतं. ज्या शहराकडे पाच-सहा वर्षांच्या नीट नोंदी आहेत, त्याला हे आजच सुरू करता येईल. माझं मत विचाराल, तर बहुतेक किनाऱ्यांना नव्या यंत्रापेक्षा जुन्या नोंदी नीट वापरण्याची जास्त गरज आहे.

वाळूकडे कुणी पाहत नाही. एन्टेरोकोकाय ओल्या वाळूत आणि कुजणाऱ्या समुद्री शेवाळात उन्हापासून लपून टिकतात, कधी वाढतातही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये वाळूसाठी दर ग्रॅममागे ६० असा तात्पुरता आकडा सुचवला आहे. किल्ले करून झाल्यावर मुलांनी हात धुऊनच तोंडाला लावावेत, याचं कारण हे.

पक्षी हा आणखी एक गुंता. सीगल आणि कबुतरांच्या विष्ठेतही एन्टेरोकोकाय भरपूर असतात. आकडा वाढला की "पक्ष्यांमुळे" असं सांगून सुटका करून घेणं सोपं असतं. कधी ते खरंही असतं. पण हे आता तपासता येतं. माणसाच्या आतड्यातल्या बॅक्टेरॉइड्स जिवाणूंची एचएफ-१८३ नावाची डीएनए-खूण आहे. ती पाण्यात भरपूर सापडली, तर माणसाचं मैलापाणी आलंच आहे. पक्ष्यांसाठी आणि कुत्र्यांसाठी वेगळ्या खुणा आहेत. एन्टेरोकोकायचा आकडा सारखाच असला, तरी माणसाचं मैलापाणी असेल तेव्हा विषाणूंमुळे धोका सहसा कितीतरी जास्त असतो. म्हणून पक्ष्यांचं कारण कुणी पुढे केलं, की 'ही खूण तपासली का?' असं शांतपणे विचारा.

आणि आता पायाच्या जखमेबद्दल. व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जिवाणू विष्ठेतून येत नाही. तो उबदार, कमी खाऱ्या किनारी पाण्यात मुळातच असतो. एन्टेरोकोकायचा आकडा शून्याजवळ असला तरी तो पाण्यात असू शकतो, आमचा फलक त्याच्याबद्दल काहीच सांगत नाही. उघड्या जखमेतून शिरला तर संसर्ग झपाट्याने पसरतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या माहितीनुसार असा संसर्ग झालेल्यांपैकी साधारण पाचातला एक दगावतो, काही वेळा आजार सुरू झाल्यापासून एक-दोन दिवसांतच. हा आजार विरळा आहे, पण यकृताचा विकार किंवा मधुमेह असलेल्यांनी आणि ताजी जखम असलेल्या कुणीही खाडीच्या तोंडाशी पाण्यात उतरू नये. समुद्रात भिजलेली जखम लाल होऊन सुजली आणि वेदना वाढत गेली, तर त्याच तासाला रुग्णालय गाठा.

तुमचा दुसरा प्रश्न, रहिवाशांनी तपासणी करावी का? करावी, पण बाटलीपासून सुरुवात करू नका. पिण्याच्या पाण्यासाठी मिळणाऱ्या, पाणी काळं झालं की दूषित असं सांगणाऱ्या कुप्या समुद्रासाठी वापरू नका. समुद्राच्या गाळात गंधकाचा वायू तयार करणारे जिवाणू मुळातच असतात, त्यामुळे कुपी उगाच काळी होते. त्यापेक्षा आधी चाला. सलग तीन-चार दिवस पाऊस झाला नसेल असा दिवस निवडा, पूर्ण ओहोटीच्या वेळी किनारा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पालथा घाला आणि प्रत्येक नळी, नाला, झिरप नकाशावर मांडा. पावसाची वाहिनी कोरड्या दिवशी वाहत असेल, तर ते पाणी कुठून येतं? या एका प्रश्नाने मला जितके चोरटे मैलाजोड सापडले, तितके कुठल्याही यंत्राने सापडले नाहीत.

अशा नाल्यात रंग न दिलेल्या, ब्लीच न केलेल्या कापसाची छोटी गादी जाळीत बांधून काही दिवस सोडून ठेवा. कपडे धुण्याच्या बहुतेक पावडरींत कपडे उजळ दिसावेत म्हणून एक द्रव्य घालतात. ते कापसाला चिकटतं आणि अंधारात अतिनील टॉर्चखाली निळसर चमकतं. कापूस चमकला, तर त्या वाहिनीत घरांचं सांडपाणी येतं असं समजायला पुष्कळ जागा आहे. शेजारीच न वापरलेल्या कापसाचा तुकडा तुलनेसाठी ठेवा. अमोनियाच्या पट्ट्याही उपयोगी पडतात. नाल्यात हात घालताना जाड हातमोजे हवेतच.

हे झाल्यावर एखाद्या महाविद्यालयाची किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेची मदत घेऊन नमुन्यांकडे वळा. ठरलेल्या दोन-तीन जागा, त्यांतली एक नाल्याच्या तोंडाशी आणि एक लांब. दर दहा नमुन्यांमागे एकदा त्याच जागी, त्याच वेळी दुसरी बाटलीही भरून घ्या. एका बाटलीत निर्जंतुक पाणी नेऊन ती किनाऱ्यावर उघडून बंद करा आणि तीही तपासायला द्या. तिच्यात काही उगवलं, तर चूक आपल्या हातांची आहे. वहीत तारीख, वेळ, भरतीची अवस्था, शेवटचा पाऊस कधी आणि किती, वारा, ऊन, पक्षी, पोहणाऱ्यांची संख्या हे सगळं लिहा. एकच आकडा समाजमाध्यमांवर टाकू नका. त्याने भीती पसरते आणि दोन दिवसांनी दुसरा आकडा चांगला आला, की तुमच्या पुढच्या सगळ्या कामावरचा विश्वास उडतो.

हे सगळं वांझोटं नाही. सिडनीत किनाऱ्यांवरच्या मैलापाण्याबद्दल लोकांनी आवाज उठवला, १९८९ मध्ये नियमित तपासणी सुरू झाली आणि १९९० ते १९९१ मध्ये सांडपाणी सोडणाऱ्या वाहिन्यांची तोंडं समुद्रात दोन ते चार किलोमीटर आत, ६० ते ८० मीटर खोलीवर गेली. हाँगकाँगच्या त्सुएन वान भागातले, खराब पाण्यामुळे बंद ठेवलेले किनारे सांडपाण्याचं निर्जंतुकीकरण सुरू झाल्यावर २०११ पासून टप्प्याटप्प्याने पुन्हा पोहण्यासाठी खुले झाले. दोन्ही ठिकाणी वर्षानुवर्षं नोंदी होत्या, म्हणून बदल दाखवता आला.

तुमच्या शहराच्या तपासणी विभागाला उद्याच एक पत्र द्या. गेल्या वर्षभरातल्या प्रत्येक नमुन्याची जागा, तारीख, घड्याळाची वेळ, पाण्याची खोली, प्रयोगशाळेत पोचल्याची वेळ, पद्धत आणि आकडा मागा. शेजारी हवामान खात्याची रोजच्या पावसाची नोंद आणि भरतीचा तक्ता ठेवून बघा. पावसानंतरच्या तीन दिवसांत घेतलेले नमुने किती आहेत, ते मोजा. शनिवार-रविवारचे किती आहेत तेही मोजा. प्रयोगशाळा सुट्टीला बंद असते म्हणून बऱ्याच ठिकाणी ते नसतातच आणि सर्वांत जास्त मुलं पाण्यात असतात ती नेमकी त्याच दिवशी. रविवारी पोहून नंतर आजारी पडलेल्या चौघांची नावं न देता त्यांची लक्षणं, पोहण्याची वेळ आणि जागा त्याच पत्रात लिहा. त्या विभागाकडे पाण्याचे आकडे असतात. पाण्यातून आल्यावर माणसांना काय झालं, याची नोंद बहुधा कुणाचकडे नसते.